एकतीस किलोचा स्वच्छ आवाज

गिटार शाळेला देऊन टाकतो, असं दादांनी जाहीर केलं तेव्हा काटेसाहेब दाढी करत होते. डावा गाल झाला होता. उजवा त्या दिवशी तसाच ऑफिसात गेला, यावरून बातमीचा परिणाम लक्षात यावा.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. एकवीस वर्षं दुकानोदुकानी तराजू आणि काटे तपासत हिंडल्यावर बाजारपेठेनेच हे नाव त्यांना चिकटवलं, आणि त्यांनीही ते मनातून आवडल्यामुळे वरवर कुरकुर करत स्वीकारलं. दादा हे त्यांचे थोरले भाऊ, अकरा वर्षांनी मोठे. कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, लग्न केलं नाही, आणि तीस वर्षं कारखान्याच्या वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवली. निवृत्त झाल्यावर धाकट्या भावाकडे राहायला आले ते एक बॅग, एक गिटार, तिचा आवाज मोठा करणारा एक जुना अ‍ॅम्प आणि बरीच ठाम मतं घेऊन. त्यांना मागची खोली दिली होती. मतं मात्र घरभर असायची.

"पण देऊन का टाकतोयस?" काटेसाहेबांनी फेसातूनच विचारलं.

"आवाज फाटतो तिचा. दोन वर्षं बघतोय. वस्तूत आता राम राहिला नाही. शाळेतली पोरं बडवतील. त्यांना फाटका काय, धड काय, सारखंच. संगीताचे मास्तर एक तारखेला घेऊन जाणार आहेत. पत्र टाकलंय मी."

पत्र टाकलं म्हणजे संपलंच. दादा बोललेला शब्द एखादवेळी फिरवत, लिहिलेला कधीच नाही. एक तारखेला तेवीस दिवस होते.

आता खरं सांगायचं तर दादांनी गिटार गेल्या दोन वर्षांत चारदा उचलली होती आणि पाच वेळा खाली ठेवली होती. हा हिशेब चुकीचा वाटेल, पण पाचव्यांदा ती त्यांनी काटेसाहेबांच्या हातातून घेऊन ठेवली होती. हळूहळू त्यांनी रेडिओ बंद केला, मग संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसणं बंद केलं. कानांवर कलावंतासारखे केस वाढवून ते मागच्या खोलीत जुने नकाशे चाळत बसत. माणूस घरात असून घरातून उठून चालला होता. गिटारही गेली तर तो परत यायला काही कारणच उरणार नाही, हे काटेसाहेबांना कळत होतं. हे सगळं तोंडाने बोलायची या दोघा भावांत पद्धत नव्हती, म्हणून ते एवढंच म्हणाले, "आवाज मी दुरुस्त करून देतो. एक तारखेपर्यंत थांब."

"तू?" दादा म्हणाले. त्या एका अक्षरात पन्नास वर्षांचा अनुभव होता.

काटेसाहेबांना गिटार येत नव्हती असं नाही. लहानपणी दादांनी त्यांना एकच धून शिकवली होती, त्यांनी स्वतःच बसवलेली, चार ओळींची. ती त्यांना येत असे, म्हणजे तिच्या जवळपासचं काहीतरी येत असे. तेव्हा असं ठरलं की काटेसाहेबांनी रोज संध्याकाळी धून वाजवायची आणि दादांनी खुर्चीत बसून निकाल द्यायचा. आवाज भरीव आणि स्वच्छ आला असं त्यांनी म्हटलं, की गिटार वाचली.

पहिल्या दिवशी गिटारला नव्या तारा चढवून जुन्या अ‍ॅम्पवर धून झाली. "फाटतो," दादा म्हणाले. "पण अगदीच वाईट नाही." हा अगदीच वाईट नसलेला आवाज म्हणजे, काटेसाहेबांच्या बायकोच्या मते, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा होता.

शेजारचे निवृत्त बँकवाले हा प्रयोग दारातूनच ऐकत होते. माणसाला बँकेतून निवृत्त करता येतं, सल्ल्यातून नाही. त्यांनी निदान केलं, "अर्थिंग. तुमच्या घराला अर्थिंग नाही. माझ्या मेहुण्याचा टेपरेकॉर्डर असाच घरघरायचा. अर्थिंग केलं, टेपरेकॉर्डर सुधारला. मेहुणा नाही सुधारला, पण तो विषय वेगळा."

इलेक्ट्रिशियन आला. त्याने स्विचबोर्ड उघडला आणि आत बघून डॉक्टर करतात तसा चेहरा केला. "हे कोणी केलंय?" त्याने विचारलं. जगातला कुठलाही इलेक्ट्रिशियन आधीच्या इलेक्ट्रिशियनबद्दल हाच प्रश्न विचारतो, आणि त्याचं उत्तर बहुतेकदा तो स्वतःच असतो. इथेही तोच होता. चार तास खटपट झाल्यावर काटेसाहेबांच्या घरातली घरघर पूर्ण थांबली. सबंध इमारतीतला उजेडही थांबला. लिफ्टमध्ये सोसायटीचे सचिव होते.

सचिव पन्नास मिनिटांनी बाहेर आले ते नियमावली हातात घेऊनच. ती ते लिफ्टमध्येही जवळ बाळगत की काय, कोण जाणे. "विद्युत काम करण्यापूर्वी अर्ज लागतो," ते म्हणाले. काटेसाहेबांनी झालेल्या कामासाठी मागच्या तारखेचा अर्ज देऊ केला. सचिवांनी तो नाकारला आणि दिलगिरीचा अर्ज मागितला. सरकारी नोकरीत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या टेबलासमोर उभं राहून अर्ज लिहावा लागणं ही किती मोठी शिक्षा आहे, हे बाहेरच्याला कळायचं नाही. त्यांनी तो शुद्ध भाषेत लिहिला आणि परिशिष्ट जोडलं.

वीज आली, संध्याकाळी धून झाली. घरघर नव्हती. दादांनी डोळे बारीक केले. "जास्त फाटतोय."

मग काटेसाहेब वाद्यांच्या दुकानात गेले. तिथला दुकानदार मोठा रसाळ माणूस होता. त्याने जुन्या अ‍ॅम्पचं वर्णन ऐकलं आणि मान हलवली. "साहेब, चूक त्याची नाही. स्वच्छ आवाजाला ताकद लागते. लहान अ‍ॅम्प मोठ्याने वाजवला की धापा टाकतो, आणि धापा टाकत बोलणाऱ्याचं बोलणं स्वच्छ कसं येईल? मोठा अ‍ॅम्प घ्यायचा आणि थोडासाच उघडायचा. तो दमत नाही. भरीव बोलतो. घेऊन जा, पंधरा दिवस वाजवा, नाही आवडला तर परत आणा."

अ‍ॅम्पवरच्या चिठ्ठीत वजन अठ्ठावीस किलो लिहिलं होतं. काटेसाहेबांनी तो जरा उचलून बघितला आणि चिठ्ठी खोटी आहे असं सांगितलं. दुकानदाराने पार्सलच्या काट्यावर ठेवला. एकतीस किलो दोनशे ग्रॅम. दुकानदार थक्क झाला. काटेसाहेब झाले नाहीत, पण त्यांना दुसरंच काहीतरी दिसलं होतं. त्या काट्यावरच्या खात्याच्या शिक्क्याची मुदत संपून चार महिने उलटले होते. त्यांनी नजर वळवली. नोकरीत पहिल्यांदाच वळवली आणि भावासाठी वळवली, हे इथे नोंदवून ठेवलेलं बरं. दुसऱ्या आठवड्यात जाऊन त्यांनी नोटीस दिलीच, ती गोष्ट निराळी.

लिफ्टवर 'मालवाहतुकीस मनाई' अशी पाटी होती. कालपर्यंत नव्हती. तीन मजले तो अ‍ॅम्प काटेसाहेबांनी आणि बँकवाल्यांनी जिन्याने चढवला. म्हणजे काटेसाहेबांनी उचलला आणि बँकवाल्यांनी कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका, असं तिन्ही मजले सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर दाताच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. तिथे क्षणभर टेकून घेताना अ‍ॅम्पची एक कड काटेसाहेबांच्या पायाच्या अंगठ्यावर आली आणि त्यांच्या तोंडून जो स्वर निघाला तो भरीवही होता, स्वच्छही होता. आतल्या दोन पेशंटांनी दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घेतली.

संध्याकाळी अ‍ॅम्प थोडासाच उघडला. पहिल्या तारेला बोट लागलं आणि काटेसाहेबांच्या अंगावर काटा आला. असा गोल, भरलेला सूर त्यांनी स्वतःच्या हातून कधी ऐकला नव्हता. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दाराशी थांबली. धून संपल्यावर दोघांनी आशेने खुर्चीकडे पाहिलं.

"किलबिलतोय," दादा म्हणाले. "परवाचा बरा होता." आणि ते उठून मागच्या खोलीत गेले.

तक्रार दुसऱ्याच दिवशी आली. सचिवांनी 'ध्वनिनिर्मिती परवानगी' नावाचा नमुना काढला. तो त्यांनी रात्रीत तयार केला होता असं बँकवाल्यांचं म्हणणं. त्यात ध्वनीचा प्रकार, कालावधी आणि हेतू असे रकाने होते. काटेसाहेबांनी प्रकारात 'भरीव व स्वच्छ' असं लिहिलं.

"स्वच्छला हरकत नाही," सचिव चष्मा सरकवत म्हणाले. "भरीववर समितीचा आक्षेप येईल."

"मग काय लिहू?"

"'मध्यम' लिहा. मध्यमला आजवर कोणी आक्षेप घेतलेला नाही."

हेतूच्या रकान्यापाशी काटेसाहेब बराच वेळ अडले. शेवटी त्यांनी 'कौटुंबिक' असं लिहिलं, आणि सचिवांनी, का कोण जाणे, त्यावर काही न विचारता सही केली.

तिसरा प्रयत्न मॉडेलरचा. मॉडेलर म्हणजे एक चपटी पेटी. तिच्या पोटात, दुकानदाराच्या सांगण्याप्रमाणे, दोनशे चौदा अ‍ॅम्प होते. खरे नव्हेत, त्यांच्या आवाजाच्या हुबेहूब नकला. एकतीस किलोचा एक अ‍ॅम्प तीन मजले चढवलेल्या माणसाला दोन किलोत दोनशे चौदा मिळाले की त्याला गहिवरून येणारच. घरी येऊन त्यांनी ती पेटी मोठ्या अ‍ॅम्पला जोडली. आवाज आला तो गादीखाली दबलेल्या माणसासारखा. काटेसाहेबांनी शिस्तीत वही केली आणि दोनशे चौदापैकी एकशे सत्तर आवाज क्रमाने तपासून शेरे लिहिले. एकशे सत्तर वेळा शेरा होता, 'गादी.'

"अहो साहेब," दुकानदार फोनवर कळवळून म्हणाला, "अ‍ॅम्पची नक्कल पुन्हा अ‍ॅम्पमधून कशाला काढताय? चष्म्यावर चष्मा घातल्यासारखं झालं ते. साध्या स्पीकरला जोडा. जसं आहे तसं ऐकवणाऱ्या."

साधा स्पीकर आला. आणि आवाज असा निघाला की काही विचारू नका. प्रत्येक सूर वेगळा, लख्ख, लांबवर टिकणारा. बँकवाले सल्ला न देता बसून राहिले. डॉक्टरीणबाई वर आल्या तेव्हा काटेसाहेबांनी आधीच परवानगीचा कागद पुढे केला, पण त्या म्हणाल्या, "दुपारी चारला वाजवाल का? तुम्ही वाजवायला लागलात की पेशंट तोंड उघडं टाकून ऐकत बसतात. माझं काम होतं."

सगळी इमारत एका बाजूला होती. दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत दादा होते, कपाळाला आठ्या घालून. "पाण्यात बुडून कोणीतरी शिट्टी मारतंय," ते म्हणाले. "पुरे आता. तू उगीच जीव काढतोयस. परवा मास्तर येतील, देऊन टाकू."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. काटेसाहेबांनी वायर गुंडाळली आणि त्यांना जेवण गेलं नाही. सगळ्यात चमत्कारिक हे होतं की आवाज जसजसा सुधारत होता तसतसा दादांचा निकाल बिघडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका किराणा दुकानात तपासणी होती. दुकानदार हातात पोतं घेऊन भांडत होता, "साहेब, काटा बरोबर आहे. माल कमी भरलेला येतो. हे पोतं घ्या. नाही? मग हे घ्या. हे तरी घ्या." त्याने पाच पोती बदलली.

"अरे बाबा," काटेसाहेब सवयीने म्हणाले, "पोती काय बदलतोयस? आधी काटा दाखव."

आणि ते तसेच उभे राहिले. चेहरा असा झाला की दुकानदाराने पोतं टाकून स्टूल आणलं, पाणी आणलं आणि शिक्का नसल्याचं आपणहून कबूल केलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या घरात ती कोणी बोलत नसे, म्हणून आपणही इतका वेळ बोललो नाही. दादांच्या कानात ऐकू येण्याचं मशीन होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते गुपचूप बसवून घेतलं, वरून केस वाढवले, आणि कोणाला कळलेलं नाही अशा समजात ते राहत होते. कळलं सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात. पण थोरल्या माणसाने झाकलेलं आपण उघडं करू नये म्हणून सगळे गप्प होते. बँकवाल्यांना ठाऊक होतं, आणि तेसुद्धा गप्प होते, यावरून दादांचा दरारा कळावा. या मुरवतीपायी झालं काय, की एकवीस वर्षं लोकांचे काटे तपासणाऱ्या माणसाने तेवीस दिवस पोती बदलली होती.

काटेसाहेब अर्धी रजा टाकून घरी आले. बायको म्हणाली, "जा आणि सरळ बोला. मी गेले असते, पण मी बोलले तर त्यांना फार लागेल."

ते मागच्या खोलीत गेले. दादा गिटारची पेटी पुसत होते, शाळेत नीटनेटकी जावी म्हणून.

"दादा, तुझं मशीन तपासून आणू या."

"कुठलं मशीन?" दादांनी विचारलं, आणि हात कानाकडे गेला.

"तेच."

दादांनी पेटी पुसायचं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. "कोणाकोणाला माहिती आहे?" दादांनी शेवटी विचारलं.

"तशी फार लोकांना नाही," काटेसाहेब म्हणाले. मग खोटं वजन सांगायची सवय नसल्यामुळे त्यांना पुढे बोलावं लागलं. "इमारतीबाहेरच्यांना नाही."

काटेसाहेबांना वाटलं, आता पन्नास वर्षांची बोलणी खावी लागणार. पण दादा उठले, केस कानामागे सारले आणि चपला शोधायला लागले.

मशीनवाल्या बाईंच्या केंद्रात आधी फॉर्म भरावा लागला. मग कळलं की तो फॉर्म नवीन पेशंटचा होता, जुन्यांचा गुलाबी. गुलाबी संपले होते, म्हणून पांढऱ्यावरच 'गुलाबी समजावा' असं लिहून घेतलं. काटेसाहेब गिटार, मॉडेलर आणि स्पीकर सांभाळत रांगेत उभे होते, आणि रांगेतले लोक हा माणूस नक्की कुठला अवयव तपासायला आला आहे याचा अंदाज बांधत होते.

बाईंनी दोन मिनिटं वाजवायला लावलं आणि हसल्या. "काका, हे मशीन माणसांचं बोलणं ऐकण्यासाठी लावलंय. लांब टिकणारा एकसारखा सूर आला की त्याला वाटतं, आपल्यातच शिट्टी वाजायला लागली. मग ते ती दाबायला धावतं. आवाज जितका स्वच्छ, तितकं हे जास्त भांडणार. खरखरीत असता तर सोडून दिलं असतं."

काटेसाहेबांना एकतीस किलो दोनशे ग्रॅम डोळ्यांपुढे दिसले. "मग यावर काही इलाज?"

"आहे की. संगीत ऐकण्याची वेगळी योजना याच मशीनमध्ये आहे. पहिल्या दिवशीच विचारलं होतं मी." त्यांनी कॉम्प्युटरवर जुनी नोंद काढली. "हे बघा. 'संगीत ऐकता का?' यांनी 'नाही' सांगितलंय."

काटेसाहेबांनी वळून पाहिलं. "नाही म्हणालास? तू?"

दादा स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते. "कानाचं कळलं त्या दिवशी मला वाटलं, आता ते संपलं आपलं. कशाला उगीच विषय वाढवा. म्हणून नाही म्हटलं."

आपला भाऊ शेजारच्या खोलीत दोन वर्षं एकटाच हे घेऊन बसला होता आणि आपण तारा बदलत होतो, या विचाराने काटेसाहेबांना भडभडून आलं. बाईंनी कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं, मशीन परत दादांच्या कानात बसवलं आणि म्हणाल्या, "हं. वाजवा."

काटेसाहेबांनी वाजवायला घेतलं. आयुष्यात इतक्या जपून त्यांनी काही केलं नव्हतं. पहिली ओळ झाली, दादांनी डोळे मिटले. दुसरी झाली, तिसरी झाली. त्यांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. चौथी ओळ संपली, शेवटचा सूर हळूहळू विरत पूर्ण शांत झाला, आणि तरी दादा डोळे मिटूनच होते.

"स्वच्छ आहे," ते शेवटी म्हणाले. "भरीव आहे. लख्ख आहे अगदी." मग त्यांनी डोळे उघडले. "दुसरी तार उतरलेली आहे. तिसऱ्या ओळीत तू एक अख्खी जागा गाळतोस. चौथी ओळ माझी नाहीच, ती कुठून आणलीस?"

काटेसाहेबांचा चेहरा पडला. "अरे, तेवीस दिवस रोज वाजवतोय मी. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा ऐकू कुठे येत होतं," दादा म्हणाले आणि हात पुढे केला. "आण इकडे."

त्यांनी तार लावली. पहिल्यांदा बोटं अडखळली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळली, आणि मग धून निघाली. चौथ्या ओळीसकट, जशी होती तशी. काटेसाहेब उघड रडले. लपवायला हात मोकळे नव्हते, दोन्ही हातांत वायर होती. बाहेर रांगेतल्या कोणाचा तरी नंबर पुकारला गेला. तो आला, दारात थांबला आणि आत यायची घाई त्याने केली नाही.

धून दोनदा झाल्यावर दादांनी खिशातून शाळेच्या पत्राची प्रत काढली, त्यावरचा नंबर बघून स्वतः फोन लावला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा 'मोठ्याने बोला' असं न म्हणता बोलले.

"मास्तर, उद्या येऊ नका," ते म्हणाले. "गिटार देता येणार नाही. ती वापरात आहे."